पायाखालचा थर



मागच्या मार्गशीर्षात आमच्या गटाच्या बैठकीला एक जण उशिरा आली. उशीर का झाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “आत्याबाईंचे पाय चोळत बसले होते. रात्रभर झोपल्या नाहीत.”

तिचं घरकुल त्याच्या आदल्या संक्रांतीला पुरं झालं होतं. चकचकीत पांढऱ्या टाइल्स, भिंतींना रंग. वास्तुशांतीला आम्ही सगळ्या जेवून आलो होतो. पण पहिल्याच थंडीत सासूबाई म्हणायला लागल्या, की या फरशीवर गारठा हाडात शिरतो. घरात पलंग एकच, आणि त्यांना जन्मभर खाली झोपायची सवय. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून तिने पांढरा फोम आणला, फरशीला चिकटवला आणि त्याच्यावर प्लास्टिकची मॅट टाकली. उन्हाळा गेला. श्रावणात खोलीला कुबट वास यायला लागला. उचकटून पाहिलं, तर खाली पाणी सुटलेलं आणि काळी बुरशी. सगळं उकिरड्यावर गेलं. आता पुन्हा थंडी आली होती आणि सासूबाई म्हणत होत्या, “आपलं शेणाचं घरच बरं होतं.”

हे सांगताना तिचा आवाज भरून आला. म्हणाली, “त्या टाइल्ससाठी मी चार वर्षं पैसे साठवले. आता मला परत सारवायला लावणार का?”

दोघींचंही खरं होतं, आणि बैठक तिथेच अडकली. त्या दिवशी आम्ही ठरवलं की एक भाग या विषयावर करायचा. आपल्या घराची जमीन कशी बदलत गेली, त्या जमिनीवर आपण काय अंथरत आलो, आणि आता पातळसा थर घालायचा तर कसला घालायचा. आजचं बोलणं त्याचंच.

सुरुवात फार लांबून करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. कुडाच्या भिंती, मातीचा गिलावा, चोपून केलेली मातीची जमीन, चुली, धान्याची बळदं. आणि घराच्या जमिनीखाली आणखी एक गोष्ट सापडली. लहान मूल दगावलं, की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घरातच जमिनीत पुरायचे. पुरलेल्या लेकराच्या वर रोजचं रांधणं, झोपणं चालायचं. म्हणजे घराची जमीन ही तेव्हापासून नुसती पाय ठेवायची जागा नव्हती.

त्या चोपलेल्या मातीपासून आपल्या आजीच्या घरापर्यंत पद्धत फारशी बदलली नाही. आधी जोतं उंच घ्यायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. आत मुरूम भरायचा, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं. वर बारीक माती, तिच्यात भुसा, आणि शेवटी शेणाचं सारवण. शेणात गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीला धरून ठेवतात, भेगा पडू देत नाहीत. शिवाय भुशाने आणि तंतूंनी त्या थरात बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्यात हवा असते. म्हणून कोरड्या सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवला तर ती टाइल्सइतकी गार लागत नाही. उन्हाळ्यात सारवलं, की ओल वाळताना घर थंड होतं.

हे सगळं खरं. पण सारवलं कोणी? शेण कोणी गोळा केलं? आपल्याच आज्या-आयांनी. दर आठ दिवसांनी, सणाला जास्त. वाकून, उकिडवं बसून, हाताने. मोठ्या वाड्यांत तेच काम गडीमाणसांच्या बायका करायच्या आणि त्यांच्या स्वतःच्या घराला वेळ उरायचा नाही. पोरीच्या हाताला पाटी-पेन्सिलीआधी शेण लागायचं. म्हणून “जुनं ते सोनं” म्हणताना ही एवढी मजुरी हिशेबात धरायला हवी.

आता जमिनीवर काय अंथरायचे ते पाहू. कारण जमीन कसलीही असो, थंडीत माणूस आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी घालावंच लागतं.

सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे पाट. जेमतेम इंचभर जाडीची लाकडी फळी. तिच्यावर बसलं की खालचा गारठा लागत नाही. पण जुन्या घरात पाट कोणाला मिळायचा ते आठवा. पहिली पंगत पुरुषांची, त्यांना पाट. नंतर बायका चुलीपुढे बसायच्या, आणि बऱ्याच घरांत नुसत्या जमिनीवर.

दुसरी वस्तू बाज. घरातल्या बाईला जमिनीपासून वर उचललं जायचं ते बाळंतपणात. सुंभाने विणलेली बाज, खाली शेगडी, शेक-शेगडीचे दिवस. बाळंतिणीला गार जमीन लागू द्यायची नाही एवढं आपल्या लोकांना पक्कं माहीत होतं. (शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत आईला आणि बाळाला वाईटच. ती चाल सुटली ते बरं झालं.) महिना-सव्वा महिना झाला, की बाई पुन्हा खाली.

तिसरी वस्तू घोंगडी. आपल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर काळी, राठ. मेंढ्या पाळायच्या धनगरांनी, लोकर कातरायची वर्षातून दोनदा, सूत काढायचं घरातल्या बायकांनी आणि विणायचं सणगरांनी, खड्ड्याच्या मागावर. ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. लोकरीचा एकेक केस कुरळा असतो. दाबला तरी पुन्हा उठतो, आणि केसांच्या मध्ये हवा अडकून राहते. लोकरीचा आणखी एक गुण असा, की ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. रानात ओल्या जमिनीवर घोंगडी टाकून मेंढपाळ निजायचा तो याच जोरावर. न विणता, लोकर पसरून, भिजवून, तुडवून केलेला बुरणूसही असायचा. तो तर खास अंथरायचाच. आज तीच दख्खनी लोकर कोणी घेत नाही म्हणून कितीतरी ठिकाणी कातरून फेकून देतात. एकीकडे आपण बाजारातून फोम आणतो आणि दुसरीकडे लोकर बांधावर पडते.

चौथी वस्तू आपल्या सगळ्यांच्या हातची. गोधडी. सातारा-सांगलीकडे वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, फाटकी पांघरुणं एकावर एक घालायची आणि बारीक धावदोऱ्याने कडेकडेने आत शिवत जायचं. प्रत्येक थराच्या मध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत, गोळा होत नाहीत. पाच-सहा थरांची वाकळ बोटभर जाडीचीही नसते, पण गारठा अडवते. इंजिनिअर ज्याला उष्णतारोधक थर म्हणेल, तो आपल्या आज्या दुपारच्या रिकाम्या वेळात शिवत होत्या. त्याची कोणी मजुरी लावली नाही, एवढंच.

याशिवाय शिंदीच्या पानांची चटई, कोकणातली हातरी, बुरुडांनी विणलेले बांबूचे तट्टे, सतरंजी, गोणपाट. ज्याच्या रानात जे पिकलं, ते त्याने अंथरलं.

आता या सगळ्या अंथरुणांत एक सारखेपणा आहे. तो नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे सगळे थर गुंडाळून उचलता येतात. सकाळी उचलायचे, उन्हात टाकायचे, रात्री पुन्हा अंथरायचे. जमिनीला चिकटवलेला एकही नाही.

मग फरशी कधी आली? वाड्यांत आणि देवळांत दगड होताच. श्रीमंताच्या घरी चुन्याचा कोबाही असायचा. बैलाच्या घाणीत चुना मळून तो करायचे. पण साध्या घरात दगडी फरशी यायला रेल्वे यावी लागली. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची ओळ १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचली. या वाटेवर शहाबाद आहे. आज ते कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात येतं, तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. तिथे जमिनीत चुनखडीचा दगड थराथराने बसलेला आहे. पापडासारखे थर सुटे होतात. घडवायला सोपा, वाहतुकीला रेल्वे. म्हणून ती निळसर राखाडी शहाबादी फरशी आपल्या गावागावांत पोचली. आधी न्हाणीघरात, मग ओट्यावर, मग स्वयंपाकघरात. फरशी आली आणि निदान तेवढ्या जागेचं सारवणं सुटलं.

त्यानंतर सिमेंट. १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि देशात सिमेंट खऱ्या अर्थाने तयार व्हायला लागलं. १९२२ मध्ये मुंबईत सिधवा काका-पुतण्यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली, उरणला कारखाना घातला. परदेशी टाइल्सच्या तोडीचा स्वदेशी माल करायचा, हा स्वदेशी चळवळीच्या काळातला विचार त्यामागे होता. शहरातल्या चाळीत आणि बंगल्यात रंगीत नक्षीच्या टाइल्स आल्या. गावात मात्र सिमेंटचा कोबा यायला अजून पुष्कळ वर्षं लागली.

याच काळातली एक गंमत सांगतो, कारण तिचं नातं आपल्या शेताशी आहे. विलायतेत फ्रेडरिक वॉल्टन नावाचा माणूस होता. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर लवचीक साय धरते, हे त्याने पाहिलं. त्यावरून त्याने १८६३ मध्ये लिनोलियमचं पेटंट घेतलं. घट्ट केलेलं जवसाचं तेल, बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा, आणि हे सगळं तरटावर लाटलेलं. दोन-तीन मिलिमीटर जाडीची गुंडाळी. फरशीवर टाकली की पायाला गार लागत नाही, पुसता येते, स्वस्त. तिकडच्या कामगारांच्या घरांत ती भराभर गेली. स्कॉटलंडमधल्या कर्कॉडी शहराची ओळखच त्यावर झाली. आता जवस कुठून यायचं? त्या काळी हिंदुस्थानातून विलायतेला जवस मोठ्या प्रमाणावर जात होतं, आणि नागपूर-वर्ध्याकडचा मध्य प्रांत हा जवसाचा मोठा मुलूख होता. तरटाचा ताग बंगालचा. म्हणजे आपल्या बायांनी निंदलेलं, कापलेलं पीक सातासमुद्रापार जाऊन तिकडच्या बायांच्या पायाखालची ऊब होत होतं. आपण मात्र बाजारातल्या प्लास्टिकच्या मॅटला अजूनही कधी कधी ‘लिनोलियम’ म्हणतो. ती लिनोलियम नव्हे. ती पीव्हीसी. दिसायला तशी, पण आत ना जवस, ना बूच.

स्वातंत्र्यानंतर कोबा आणि शहाबादी हळूहळू साध्या घरांत आली. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. मातीच्या घरावरचा विश्वास त्या रात्री उडाला, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पक्कं घर म्हणजे सिमेंटचं घर हे मनात घट्ट बसलं. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलं गेलं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. तोवर गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचल्या होत्या. चार पैसे शिल्लक राहिले, की बाई म्हणते, टाइल्स टाकू.

आणि ती बरोबरच म्हणते. याला पुरावा आहे. मेक्सिको देशात कोआउइला नावाच्या राज्यात २००० साली सरकारने गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनी काढून सिमेंटच्या करून द्यायला सुरुवात केली. नंतर अभ्यासकांनी तपासलं, तर मुलांच्या पोटातले जंत कमी झाले, जुलाब कमी झाले, रक्त वाढलं. आणि त्या घरांतल्या आया जास्त समाधानी होत्या, मनाने कमी खचलेल्या होत्या. आपल्याकडेही शेण-मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. काही भागांत बाळाच्या नाळेला शेण लावायची चाल होती आणि त्यात कितीतरी बाळं गेली. लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, तेव्हा कुठे २०१५ मध्ये नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. म्हणून आमच्या मैत्रिणीला आम्ही सांगितलं, टाइल्स टाकल्यास ते चांगलंच केलंस. सारवायला परत जायचं कारण नाही.

पण मग सासूबाईंचं काय? त्यांना गारठा लागतो ते काही मनाचे खेळ नाहीत. त्याचं कारण असं.

आपलं अंग गरम, फरशी गार. उष्णता गरमाकडून गाराकडे धावते. काही वस्तू तिला पटकन वाट देतात, काही अडवतात. सगळ्यात जास्त अडवते ती साठून राहिलेली हवा. लोकर, कापूस, काथ्या, फोम यांच्या पोटात हवा असते म्हणून तेही चांगले अडवतात. लाकडातून तेवढ्याच जाडीच्या लोकरीपेक्षा तीन-चारपट उष्णता जाते. काँक्रीट आणि दगडी फरशीतून पंचवीस-तीसपट. ग्रॅनाइटमधून त्याहूनही जास्त. त्यातून आताच्या व्हिट्रिफाइड टाइल्स इतक्या घट्ट असतात, की वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाहीत. आत पोकळी नाही म्हणजे हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे ऊब नाही. पाठ टेकवली, की टाइल अंगातली ऊब ओढतच राहते. तरुण अंगाला ते जाणवत नाही. म्हातारपणी अंगावर मांस कमी, रक्त पायापर्यंत नीट पोचत नाही, सांधे आखडतात. मग रात्र सरत नाही.

आणि फोम का कुजला? फोम वाईट म्हणून नव्हे. जमिनीतली ओल मुरमातून, काँक्रीटमधून वर चढते. टाइल्सच्या सांध्यांतून ती बाहेर पडून उडून जायची. चिकटवलेल्या मॅटने तिची वाट बंद केली. पावसाळ्यातली दमट हवाही गार फरशीला लागून पाणी धरते. पाणी तिथेच साचलं आणि बुरशी धरली. पाण्यातून हवेपेक्षा सुमारे चोवीसपट उष्णता जाते. म्हणजे ओला थर हा थरच उरत नाही.

थंड देशांत बाराही महिने घर उबदार ठेवायचं असतं, म्हणून तिथे जमिनीच्या पोटात कायमचा थर घालतात. आपल्याकडे थंडी दोन-अडीच महिने. वैशाखात तर याच गार फरशीवर आपण दुपारी पाठ टेकतो आणि तिला दुवा देतो. ती झाकून टाकली तर उन्हाळ्यात पस्तावू. म्हणून आपल्या हवेला थर हवा तो उचलता येणारा, वाळवता येणारा. आता मघाचं आठवा. घोंगडी, वाकळ, चटई, तट्टा. आपल्या मागच्या पिढ्यांनी हेच ओळखलं होतं.

तर पातळ थर निवडायचा तर काय पाहायचं, ते आम्ही बैठकीत मिळून ठरवलं.

पहिलं, ओल. हातभर लांबी-रुंदीचा स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस आणि एक रात्र राहू द्या. उचलल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले, तर जमिनीत ओल आहे. तिथे काहीही चिकटवू नका. आधी घराबाहेर पाणी कुठे साचतं ते पाहा, उतार काढा.

दुसरं, दाब. दुकानात थर हातात घ्या आणि जमिनीवर ठेवून टाचेने दाबा. चपटा होऊन तसाच राहिला, तर आतली हवा गेली. पॅकिंगचा पांढरा मऊ फोम थोड्याच दिवसांत असा चपटा होतो. मुलांच्या खेळायच्या कोड्यासारख्या जोडायच्या मॅट जास्त टिकतात आणि उचलूनही ठेवता येतात. घोंगडी आणि काथ्या दाबले तरी पुन्हा उठतात.

तिसरं, जाडी. दाराची खालची फट मोजा. थर त्याहून जाड असेल तर दार अडेल. आणि जास्त जाड म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. उघड्या फरशीवर पहिला पातळ थर पडतो तो सगळ्यात मोठा फरक करतो. त्याच्यावर तेवढाच दुसरा घातला तर फायदा होतो, पण पहिल्याइतका नाही. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावे तसं खर्चाकडे पाहून थर घालावा.

चौथं, घसरण आणि विस्तव. खालून गुळगुळीत मॅट टाइल्सवर सरकते. म्हातारं माणूस रात्री उठलं आणि घसरलं तर खुबा मोडतो. खाली गोणपाट किंवा रबर असू द्या, आणि काठ दुमडलेला नको. चूल, शेगडी, समई यांच्याजवळ फोम किंवा प्लास्टिक अजिबात नको. ते पटकन पेट घेतं आणि त्याचा धूर विषारी. लोकर सहसा भडकत नाही.

पाचवं, पोती. खताचं आणि औषधाचं पोतं अंथरुणाखाली घेऊ नका, धुतलं तरी नको. धान्याचं किंवा साखरेचं चालेल.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. थर आधी कुठे घालायचा? आपल्याकडे चांगली चटई बैठकीच्या खोलीत जाते, पाहुण्यांसाठी. आम्ही म्हणतो, आधी म्हातारं माणूस निजतं तिथे. मग बाळंतीण आणि बाळ. मग ओट्यापुढे. चूल गेली, गॅस आला, आपण बसून रांधायच्या ते उभ्याने रांधायला लागलो. सकाळ-संध्याकाळ तास न् तास अनवाणी टाइल्सवर उभ्या असतो. टाचा दुखतात, पोटऱ्या भरून येतात, आणि आपण म्हणतो वय झालं. तिथे एक दुमडलेलं गोणपाट किंवा रबराचा तुकडा टाकला तरी फरक पडतो. पूर्वी पाट पुरुषांकडे गेला. आता निदान हा एक तुकडा आपल्याकडे येऊ द्या.

आमच्या मैत्रिणीच्या घरी काय झालं ते सांगून थांबतो. तिच्या सासूबाईंच्या निजायच्या जागी आम्ही खाली बांबूचा तट्टा टाकला. तट्ट्याच्या काड्यांमधून वारा खेळतो, ओल साचत नाही. त्याच्यावर गोणपाट. गोणपाटावर त्यांचीच जुनी घोंगडी, माळ्यावर बांधून ठेवलेली. काढली तेव्हा तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, ती दोन दिवस उन्हात टाकली. आणि वर वाकळ. ती सासूबाईंनी स्वतः शिवली. आम्ही जुन्या साड्या गोळा करून दिल्या, पहिले टाके त्यांनी घालून दाखवले, आणि सूनबाई शेजारी बसून शिकली. सगळं मिळून दोन बोटांच्या आत जाडी. दर चार-पाच दिवसांनी उचलून उन्हात टाकतात. फाल्गुनात सगळं गुंडाळून ठेवलं.

पाय अजून दुखतात, ते वयाचं आहे. पण त्या रात्रभर झोपतात, आणि शेणाच्या घराचं नाव आता काढत नाहीत. परवा आम्हालाच म्हणाल्या, “टाइल्सवर पाणी सांडलं तर लगेच पुसता येतं, ते मात्र बरंय.”

मैत्रिणींनो, तुमच्या घरात जमिनीवर कोण निजतं? आज रात्री त्यांच्या अंथरुणाखाली हात घालून पाहा. गार लागलं, ओलसर लागलं, तर पुढच्या बैठकीत विषय काढा. आणि तुमच्या आजी, आत्या, मावशी घोंगडी किंवा वाकळ करत असतील तर त्या कशा करतात ते विचारून घ्या, आणि त्यांना आपल्या रेडिओवर घेऊन या.